कॉडच्या पोटात गुंडाळलेले जंत निघाले, मासा टाकून देऊ का?

वेंगुर्लेकरीण

नमस्कार मंडळी. गेल्या ऑगस्टात आम्ही नॉर्वेत ट्रॉम्सोला राहायला आलो. काल शनिवारी नवऱ्याच्या ऑफिसातले एक गृहस्थ त्याला आपल्या होडीतून क्वालॉया बेटाच्या बाजूला गळ टाकायला घेऊन गेले. दुपारी बाराच्या सुमारास मासा लागला. तिथून कॉफी, गप्पा, मग गाडीने घरी. माझ्या हातात आला तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. चार किलोचा अख्खा कॉड, पोट न काढलेला, बादलीत घालून गाडीत हीटरजवळ ठेवलेला.

मी वेंगुर्ल्याची. मासे साफ करायला मला कधी कुणी शिकवावं लागलं नाही. पण काल पोट फाडलं आणि हात थांबला. चकली पाडताना अगदी आतला पहिला वेढा पडतो ना, तशी पांढरट चकती, हरभऱ्याच्या डाळीएवढी. काळजावर, म्हणजे यकृतावर, सात-आठ, आतड्याच्या बाजूला आणखी. प्रत्येकीवर पातळ पापुद्रा. सुरीच्या टोकाने एकीचा पापुद्रा काढला तर वेढा हळूहळू उलगडला आणि दोन सेंटिमीटरचा जंत वळवळायला लागला. पुढे तुकड्या करताना पोटाजवळच्या मांसात एक तपकिरी निघाला, तो त्याहून लांब आणि जाड. कल्ल्यातही काहीतरी काळपट लाल लोंबत होतं, कोंबडीच्या काळजाच्या तुकड्यासारखं. ते मासाचंच आहे की वेगळं, मला कळेना.

सहा वर्षांचा मुलगा स्टुलावर बसून सगळं बघत होता. म्हणाला, "आई, एवढ्या थंड पाण्यात हा जगतो कसा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मासा झाकून फ्रिजमध्ये ठेवलाय. टाकून द्यायला जीव होत नाही. एवढी सुंदर गाबोळी निघाली आहे आणि आईने दिलेली तिरफळं जपून ठेवलीत. इथले लोक काळीजही शिजवून खातात म्हणे. खावा की टाकावा? मुलाला द्यावा का?

पुण्याचा_खवय्या

ताई, घाबरू नका. लिंबू आणि मीठ लावून तासभर ठेवा, आंबटपणाने सगळे किडे मरतात. मी पुण्यात नेहमी सुशी खातो, आजवर काही झालेलं नाही. 

हर्णैची_लेक

खवय्या दादा, लिंबू-मिठाचं तेवढं कृपा करून कुणाला सांगू नका. लिंबाने हा जंत मरत नाही. व्हिनेगरने मरत नाही, हलक्या मिठाने मरत नाही. व्हिनेगरमध्ये तो दिवसच्या दिवस जिवंत राहतो. तुमच्या सुशीतला सॅल्मन मासा बहुतेक नॉर्वेच्या पिंजऱ्यात वाढवलेला असतो, तो आयुष्यभर कोरडं खाद्य खातो, समुद्रातले कोळंबीसारखे जीव त्याच्या तोंडात फारसे जात नाहीत, म्हणून त्यात हा जंत जवळजवळ नसतो. तुम्हाला काही झालं नाही ते त्यामुळे, लिंबामुळे नाही.

आता ताई, तुमच्याकडे येते. मासा टाकू नका. मी तेरा वर्षं उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर मासळीच्या कारखान्यात आहे, त्यातली नऊ वर्षं दिव्याच्या टेबलावर. पांढरी काच, खालून उजेड, त्यावर कातडी काढलेला फिले, म्हणजे बिनकाट्याचा लांब तुकडा, ठेवायचा आणि सावल्या शोधायच्या. तुम्हाला मिळालेला तपकिरी जंत त्या उजेडात लगेच दिसतो, पांढऱ्या मांसात दोऱ्याचा गुंता पडल्यासारखा. पांढरी चकती मात्र फसवते. मांसाच्याच रंगाची, कडेला जरा धूसर वर्तुळ. फिले जाड असेल तर नजरेतून सुटतेच. मी रोज आठ तास हेच बघते, तरी माझ्याही हातून सुटतात. म्हणून बाजारातला मासा स्वच्छ दिसला तरी त्यात जंत नाही असं मी कधी म्हणणार नाही.

तुमच्या माशात तीन वेगवेगळे पाहुणे आहेत.

पांढरी चकती म्हणजे अनिसाकिस. इथले लोक त्याला क्वेइस म्हणतात. त्याचं खरं घर व्हेलच्या, डॉल्फिनच्या पोटात. तिथे मोठा होतो, अंडी व्हेलच्या विष्ठेतून समुद्रात पडतात, अळी निघते, तिला क्रिलसारखे बारीक जीव खातात, क्रिलला हेरिंग मासा खातो, हेरिंगला कॉड खातो. कॉडच्या पोटात पोचल्यावर अळी वेढा घालून गप्प पडते आणि वाट बघते, कधी एखादा व्हेल हा मासा खाईल याची. काही वर्षं वाट बघू शकते. कॉड जितका मोठा आणि म्हातारा तितके वेढे जास्त, कारण आयुष्यभर खाल्लेल्या प्रत्येक माशातला जंत त्याच्यात साठत जातो.

तपकिरी तो सीलचा जंत. तो मोठा होतो सीलच्या पोटात. त्याच्या अळ्या तळाशी राहणाऱ्या जीवांमधून पुढे जातात, म्हणून सील खडकांवर पडलेले असतात तिथल्या किनाऱ्याच्या कॉडमध्ये तो जास्त. बॅरंट्स समुद्रातून जानेवारी ते एप्रिल अंडी घालायला आमच्या लोफोटेनला येणारा स्क्रेई कॉड फाडला तर पांढरे भरपूर मिळतात, तपकिरी कमी. म्हणजे तुमच्या यजमानांनी मासा खडकांच्या जवळ धरला असणार.

आणि कल्ल्यातलं ते लाल लोंबतं, ते मासाचं अंग नाही. तो जंतही नाही. कोळंबीच्या जातकुळीतला जीव आहे, मादी. लहानपणी आपल्या लेपासारख्या चपट्या माशावर राहते, तिथून सुटून कॉडच्या कल्ल्यात येते. तिथे मूळ रूप ओळखूही येऊ नये इतकी फुगते आणि तिची मान आत माशाच्या हृदयाजवळच्या रक्तवाहिनीपर्यंत जाते. रक्त पिऊन तशी काळपट लाल होते. पहिल्यांदा ओढून काढली तेव्हा मुळासारखी फांद्या असलेली मान बाहेर आली. मी किती तरी वेळ हातात धरून बघत राहिले होते. ही माणसाला काही करत नाही. कल्ले काढून टाका, संपलं.

आता खाण्याचं. मांसाचं आतलं तापमान ६० अंशांवर किमान एक मिनिट राहिलं की जंत मरतो. तुमचं तिरफळाचं कालवण त्याच्या कितीतरी वर जातं. तळलेली तुकडी जाड असेल तर मध्यभागी मासा पाकळ्या-पाकळ्यांनी सुटतोय का बघा, काचेसारखा ओलसर दिसत असेल तर परत तव्यावर. काळीजही शिजवून चालतं. इथे हिवाळ्यात म्योल्ये करतात, कॉड, काळीज आणि गाबोळी एकत्र ताटात, ते सगळं शिजवलेलंच असतं. दिसतील त्या चकत्या सुरीने काढा, एखादी राहिली तर शिजून मरेल. मुलाला द्या.

कच्चं किंवा नुसतं मुरवलेलं खायचं असेल तरच गोठवायला हवं. युरोपातला नियम उणे २० अंशांवर किमान २४ तास, तेही मासाच्या प्रत्येक भागाला ती थंडी पोचल्यावर. घरच्या फ्रीजरवर मी तेवढा विश्वास ठेवत नाही, तो उणे १८ च्या आसपास असतो आणि चार किलोचा मासा आतपर्यंत गोठायला त्याला फार वेळ लागतो. मी घरी आठवडा ठेवते.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. बारा वाजता धरलेला मासा आठ वाजेपर्यंत पोटासकट, आणि तोही हीटरजवळ! मासा मेला, त्यात ऊब लागली की पोटातले काही जंत मांसाकडे सरकतात. मी इथे नवीन होते तेव्हा एका वादळी रात्री एक होडी उशिरा आली. सगळे थकलेले, मासा तसाच टोपल्यांत राहिला आणि हॉलची थंडी रात्री बंद पडली होती. सकाळी टेबलावर घेतला तर पोटाकडच्या पातळ पट्ट्यांत नेहमीपेक्षा कितीतरी जास्त जंत. त्या दिवशी आम्ही पट्ट्याच्या पट्ट्या कापून कचऱ्यात टाकल्या. मला फार वाईट वाटलं, कारण ते मासे उत्तम होते, चूक फक्त वेळेची होती. माझी आई हर्णैच्या बंदरावर मासळी विकायची. घरासाठी ठेवलेल्या मासाचं पोट ती होडी किनाऱ्याला लागल्या लागल्या काढायची, दुसरं काहीही काम असो. मला वाटायचं ती सवय उकाड्यामुळे आहे. इथे चार अंशांच्या हवेत काम करतानाही मला तीच सवय उपयोगी पडली. यजमानांना सांगा, पुढच्या वेळी होडीतच पोट काढायचं, काळीज-गाबोळी वेगळ्या पिशवीत आणि मासा बर्फात.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकते, पण त्यापेक्षा त्यालाच बघू द्या. काळजावरचे चार जिवंत जंत काढा. चार वाट्या घ्या. एकीत मिठाचं पाणी घालून फ्रिजमध्ये, दुसरी तशीच फ्रीजरमध्ये आठवडाभर, तिसरीत व्हिनेगर, चौथीत कपभर उकळतं पाणी. हात साबणाने धुवायला लावा. मग इथे येऊन सांगा.

वेंगुर्लेकरीण

हर्णैच्या ताई, तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, मी दोनदा वाचलं आणि नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो हीटरचं ऐकून गप्प झाला.

पोटाच्या पट्ट्या मी पूर्ण कापून टाकल्या, तिथे आणखी तीन निघाले. उरलेल्या मासाचं तिरफळ घालून कालवण केलं, गाबोळी रव्यात घोळवून तळली. मुलगा आधी बाजूलाच बसला होता. वाट्या मांडून झाल्यावर मात्र गाबोळी दोनदा मागून घेतली. वाट्यांवर त्याने स्वतः चिठ्ठ्या लावल्यात. काय होतं ते कळवते.

पोटाचा_डॉक्टर_रॉटरडॅम

हर्णैच्या ताईंनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त रुग्णाच्या बाजूने थोडं घालतो. मी नेदरलँड्समध्ये पोटविकारांचा डॉक्टर आहे आणि या आजाराचा इतिहास इथलाच आहे. १९६० मध्ये इथल्या संशोधकांनी पोटाच्या तीव्र दुखण्याचे रुग्ण आणि हलकं मीठ लावलेला कच्चा हेरिंग यांचा संबंध या जंताशी जोडून दाखवला. १९६८ पासून हेरिंग आधी गोठवणं सक्तीचं झालं आणि इथे हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. जपानमध्ये कच्चा मासा रोजच्या खाण्यातला, तिथे आजही जगात सर्वांत जास्त रुग्ण सापडतात.

मी स्वतः पाहिलेल्या एका रुग्णाने सुट्टीत स्वतः धरलेला मॅकरेल मासा घरी व्हिनेगरात मुरवून खाल्ला होता. खाल्ल्यावर काही तासांत पोटात असह्य कळा. दुर्बीण आत घातली तर जठराच्या सुजलेल्या घडीत एक पांढरा दोरा, एक टोक आत रुतलेलं, उरलेलं शरीर हलतंय. चिमट्याने धरून सावकाश ओढला. त्याच दिवशी त्यांचं दुखणं कमी झालं. माणूस हा या जंताचा चुकून मिळालेला यजमान आहे, आपल्यात तो मोठा होऊन अंडी घालू शकत नाही, पण ऊब मिळाली की आत शिरायचा प्रयत्न करतो.

एक सावधगिरी. मासे खाल्ल्यावर कुणाला अंगावर गांध्या उठत असतील, ओठ सुजत असतील, श्वास लागत असेल, तर ॲलर्जी मासाची आहे की या जंताची, हे तपासून घ्या. ज्यांना जंताची ॲलर्जी झालेली असते, त्यांना शिजवलेल्या मासातल्या मेलेल्या जंतानेही त्रास होऊ शकतो. बाकीच्यांनी शिजवलेला मासा निर्धास्त खावा.

बर्फाची_वाट

मी मूळची वास्कोची, ध्रुवीय संशोधन केंद्र तिथे आहे म्हणून लहानपणापासून अंटार्क्टिकाच्या बोटी बघत वाढले. आता जर्मनीत ब्रेमरहाफेनला ध्रुवीय माशांवर काम करते. मुलाचा प्रश्न वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

बाळा, तो थंडीत जगतो कारण थंडी त्याला मारत नाही, सावकाश करते. अनिसाकिसची अंडी १३ ते १८ अंशांच्या पाण्यात साधारण आठवड्याभरात फुटतात. ५ ते ७ अंशांत तेच काम तीन-चार आठवडे चालतं. पण त्याच थंड पाण्यात निघालेली अळी जास्त दिवस टिकते, म्हणजे तिला कुणीतरी खाण्याची वेळ येण्याची शक्यता वाढते. मासाचं रक्त समुद्राइतकंच थंड, म्हणून मासात ती झोपल्यासारखी. व्हेलच्या पोटात ३७ अंशांच्या आसपास ऊब मिळते आणि ती जागी होते, कात टाकते, मोठी होते.

अंटार्क्टिकात तर याहून कमाल. तिथलं समुद्राचं पाणी उणे १.९ अंशांपर्यंत थंड असतं, मीठ आहे म्हणून गोठत नाही. तिथल्या नोटोथेनिऑइड माशांच्या रक्तात बर्फाचे कण वाढू न देणारी प्रथिनं असतात. मासा गोठत नाही म्हणून त्याच्या आत गुंडाळलेला जंतही गोठत नाही. त्या माशाला वेडेल सील खातो आणि जंत एका घासात जवळजवळ ३९ अंशांची उडी मारतो. त्यानंतरच त्याचं खरं आयुष्य सुरू होतं.

त्याच समुद्रात आइसफिश म्हणून मासे आहेत, त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन नाही. रक्त पाण्यासारखं बिनरंगी, कल्ले पांढरे. १९२७ मध्ये डिटलेफ रुस्टाड या नॉर्वेच्या प्राणिशास्त्रज्ञाने बूव्हे बेटाजवळ असा मासा पाहिला, आणि १९५४ मध्ये योहान रूड यांनी त्याच्या रक्तात खरोखरच तांबड्या पेशी नाहीत हे सिद्ध केलं. आणि या माशांवरही जळवा असतात! आमच्या प्रयोगशाळेत एका बरणीत जळू चिकटलेल्या स्थितीतच ठेवलेला आइसफिश आहे. डोक्यावर, तोंडाच्या मागे, जळवेच्या दोन्ही टोकांच्या वाट्या घट्ट लागलेल्या. नवीन विद्यार्थी आला की मी त्याला आधी ती बरणी दाखवते. बिनरंगी रक्तावर जगणारी जळू आहे हे लक्षात आलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, तो क्षण मला फार आवडतो.

२०२१ च्या फेब्रुवारीत पोलारस्टर्न जहाजाने वेडेल समुद्राच्या तळाशी आइसफिशची घरटी शोधली, सुमारे २४० चौरस किलोमीटरवर अंदाजे सहा कोटी. सील तिथे वारंवार बुडी मारतात. जंताच्या दृष्टीने विचार केला तर मासा आणि सील यांची अशी गाठ पडण्याची जागा म्हणजे वाट बघण्याचं चीज होण्याची जागा.

हर्णैची_लेक

वास्कोच्या ताई, किती छान लिहिलंत. जळवेचं मी कधी ऐकलं नव्हतं.

मुलासाठी माझ्याकडूनही एक. चार वर्षांपूर्वी लांब दोरीच्या गळाला चुकून एक हाकियेरिंग लागला, म्हणजे ग्रीनलँड शार्क. धक्क्यावर होडीच्या कडेला बांधलेला होता, मी धावत गेले. करड्या, खरखरीत कातडीत लहानसा डोळा आणि त्या डोळ्यातून बोटाच्या लांबीचा पिवळट-पांढरा जीव लोंबत होता, बुबुळालाच रुतलेला. तोही कोळंबीच्या जातकुळीतलाच. या शार्कच्या बहुतेकांच्या डोळ्यात असतो, तरी शार्क जगतो, अंधाऱ्या खोल पाण्यात वासावर शिकार करतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी डोळ्याच्या भिंगावरून या माशांचं वय काढलं, सर्वांत मोठीचं अंदाजे ३९२ वर्षं, आणि कमीत कमी धरलं तरी २७२. मी त्या डोळ्याकडे बघत होते तेव्हा मला हे माहीत नव्हतं. नंतर कळलं तेव्हा रात्री झोप लागेना, सारखा तो डोळाच समोर येत होता. होडीवाल्याने दोर कापून त्याला सोडून दिलं, ते बरं केलं.

वाट्यांचं काय झालं?

वेंगुर्लेकरीण

आठवडा झाला, निकाल सांगते. मुलाने वहीत लिहून ठेवलंय, त्यावरूनच उतरवते.

उकळत्या पाण्यातला लगेच ढिला पडला. व्हिनेगरमधला दुसऱ्या दिवशी सकाळी हलत होता, तिसऱ्या दिवशीही बोटाने वाटी हलवली की हळूच वळायचा. खवय्या दादा, हे तुमच्यासाठी. फ्रिजमधल्या मिठाच्या पाण्यातला आज आठव्या दिवशीही जिवंत आहे. बाहेर काढून ओट्यावर ठेवला की थोड्या वेळाने जास्त जोरात वळवळतो, मुलाने तीनदा बघून खात्री केली. फ्रीजरमधला काल वितळवला. मुलगा शाळेत जायचा थांबून बसला होता. अर्धा तास, एक तास, नाही हलला.

काल रात्री पांघरुणात शिरल्यावर त्याने नवीन प्रश्न काढला, "मग व्हेलला पोटात दुखतं का?" वास्कोच्या ताई, याचं काय सांगू?

बर्फाची_वाट

खरं तेच सांगा. मेलेल्या व्हेलची आणि पॉर्पॉइज या डॉल्फिनसारख्या प्राण्याची पोटं उघडून शास्त्रज्ञांनी पाहिलंय. मोठे झालेले जंत एकटे नसतात, झुपक्याने असतात, सगळ्यांची डोकी जठराच्या भिंतीत एकाच जागी रुतलेली, आणि त्या जागेभोवती जखम. एका पोटात कधी शेकडोंनी मिळतात. दुखतं का हे व्हेल सांगू शकत नाही, पण जखम खरी असते. तरीही असे व्हेल हेरिंगच्या मागे हजारो किलोमीटर पोहतात, पिल्लं वाढवतात. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात ते हेरिंगमागे तुमच्या क्वालॉयाच्या फ्योर्डांत, म्हणजे समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांत, येत, नंतर हेरिंग उत्तरेला श्येर्वॉयकडे सरकला आणि तेही गेले. क्वालॉया या नावाचा अर्थच व्हेलचं बेट. तुमच्या कॉडच्या काळजावरचे ते सात-आठ वेढे त्यांच्यापैकीच कुणाची तरी वाट बघत होते, असं त्याला सांगा.